ईजीआरला पत्रा मारण्याआधी हवेचा हिशेब लावा

अंबड तालुक्यातल्या एका तरुण गाडीमालकाचा प्रश्न थोडक्यात असा: "माझी २०१८ ची बीएस-४ पिकअप आहे, अडीच लिटरचं कॉमन रेल इंजिन, सव्वादोन लाख किलोमीटर झालेली. जाताना मोसंबी नेतो, येताना केळी भरतो. चाळीसगावकडून कन्नडचा घाट चढताना काळा धूर पडतो आणि गाडी ओढत नाही. मिस्त्री म्हणतो, ईजीआर इंजिनाला स्वतःचाच धूर पाजतो, तिथं पत्रा मारू आणि ईसीएमचा मॅप बदलू. मारू का? आणि चुलतभावाचा बीएस-६ पाण्याचा टँकर आहे, त्यावर डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा सारखा लागतो. त्याचंही असंच काही करता येईल का?"

भाऊ, पत्रा मारून ईजीआरची वाट बंद करू नका. पण नुसतं नको म्हणून मी सुटणार नाही, कारण तुमच्या मिस्त्रीचं म्हणणं अर्धं खरं आहे. ईजीआर, म्हणजे एक्झॉस्टचा थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी नळी आणि तिचा वाल्व्ह, इंजिनाला धूर पाजतो हे खरं. त्यामुळे तुमची गाडी घाटात काळी ओकते, हे मात्र बहुतेक खरं नाही.

तुम्हीच लिहिलंय की धूर घाटात पडतो. भरलेली गाडी, दुसरा-तिसरा गिअर, पाय पूर्ण दाबलेला. अशा वेळी इंजिनाला मिळेल तेवढी ताजी हवा हवी असते, म्हणून ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, ईजीआरचा वाल्व्ह जवळजवळ पूर्ण मिटवून ठेवतो. ईजीआरचं खरं काम चालतं ते हलक्या आणि मध्यम भारावर: सपाट रस्त्यावर साठच्या चालीत, गावातून जाताना, गाडी उभी असताना. म्हणजे तुमचं दुखणं ज्या जागी आहे, तिथं ईजीआर कामावरच नसतो. वाल्व्ह काजळीने अडकून उघडा राहिला असेल तर गोष्ट वेगळी. पण मग तो साफ करायचा किंवा बदलायचा. दार चौकटीत अडकलं म्हणून कोणी दाराच्या जागी भिंत बांधत नाही.

आधी हवा किती लागते ते बघू, कारण डिझेलचा खर्च सगळे मोजतात, हवेचा कोणी मोजत नाही. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साडेचौदा किलोच्या आसपास हवा लागते. एक लिटर डिझेल म्हणजे साधारण ८३० ग्रॅम, म्हणजे त्याला बारा किलो हवा. आपल्या भागातल्या हवेच्या हिशेबाने ही दहा-अकरा हजार लिटर भरते, पाण्याच्या एका मोठ्या टँकरएवढी. तीही नेमकी पुरेल एवढी. डिझेल इंजिनात इंधन फवाऱ्याने आत येतं आणि हवेत मिसळायला त्याला सेकंदाचा काही हजारावा भाग मिळतो, त्यामुळे नेमकी हवा कधीच पुरत नाही. पूर्ण भारावरसुद्धा निदान वीस-तीस टक्के हवा जास्तीची ठेवावी लागते, नाहीतर फवाऱ्याच्या पोटात अर्धवट जळलेलं डिझेल काजळी होऊन बाहेर पडतं. हलक्या भारावर हीच हवा गरजेच्या दुप्पट-तिप्पट असते.

आता मे महिना धरा. जालन्यात ४२ अंश. जानेवारीच्या पहाटे १२ अंशांना सिलिंडरमध्ये जेवढी हवा मावते, त्यापेक्षा ४२ अंशांना साडेनऊ टक्के कमी मावते, हा साधा वायूंचा नियम आहे. त्यात आपलं पठार समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या आसपास उंच, म्हणजे पाच टक्क्यांच्या वर हवा आधीच विरळ. ही तूट टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून हवा दाबून आत भरणारा पंखा, भरून काढतो. पण हवा दाबली की तापते. बाहेर ४२ अंश असताना टर्बोने हवेचा दाब दुपटीच्या थोडा वर नेला, की ती दीडशे अंशांच्या जवळ जाते. इंटरकूलर, म्हणजे ही हवा गार करणारी जाळी, तिला साठ-सत्तर अंशांवर आणतो, तेव्हा कुठे ती घट्ट होते. इंटरकूलर कापसाच्या तुसाने आणि चिखलाने बुजलेला असेल, तर बूस्टचा, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेचा, दाब बरोबर दिसतो पण सिलिंडरमध्ये हवा कमीच जाते. वर ती गरम हवा जळण्याचं तापमानही वाढवते. आपल्याकडे कापसाच्या हंगामात जिनिंगवर उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे इंटरकूलर मी पाहिलेत, पुढच्या बाजूने जणू गादी शिवलेली.

आता ईजीआर मुळात कशासाठी, ते. तरुणपणी मी जालन्यात गॅरेजवर होतो आणि ट्रॅक्टरचे पंप वाढवून द्यायचो. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढायच्या म्हणून लोक मागायचे, मी पंपाचा स्क्रू फिरवायचो आणि काळा धूर म्हणजे ताकद अशी माझी समजूत होती. मग पुण्यात इंजिन टेस्टिंगला बारा वर्षं काढली आणि ती समजूत टेस्ट बेडवरच गेली. तिथे एकच इंजिन, एकच फेरे, एकच भार ठेवायचा आणि ईजीआर थोडा-थोडा उघडत जायचं. समोर दोन आकडे, एक काजळीचा, दुसरा नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा, ज्याला आम्ही नॉक्स म्हणतो. ईजीआर उघडू लागला की नॉक्स झपाट्याने उतरतो. पाचवा हिस्सा धूर परत फिरवला की तो निम्म्याच्या आसपास येतो. काजळी मात्र बराच वेळ जागची हलत नाही आणि मग एका वळणावर अचानक उसळते. त्या वळणाच्या अलीकडे, प्रत्येक फेऱ्यावर आणि प्रत्येक भारावर, इंजिन उभं करणं हेच हवेच्या नियंत्रणाचं सगळं काम. मॅप म्हणतात तो हाच. शेकडो ठिकाणी मोजून भरलेला तक्ता असतो तो, एका दुपारी लॅपटॉप लावून तयार होणारा नव्हे.

नॉक्स का होतो? हवेत पाचांतले चार हिस्से नायट्रोजन. एरवी तो कशात भाग घेत नाही. पण ज्वाला अठराशे-दोन हजार अंशांवर गेली आणि आजूबाजूला ऑक्सिजन मोकळा असला, की नायट्रोजनही जळतो. परत फिरवलेल्या धुरात कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ असते. ती ऑक्सिजनची जागा घेतात, स्वतः जळत नाहीत आणि उष्णता शोषतात. ज्वाला थोडी शांत होते, नॉक्स कमी बनतो. मात्र ऑक्सिजन कमी झाल्यामुळे काजळी जाळायला हात आखडता पडतो. एकीकडे ओढलं की दुसरीकडे उघडं पडतं, असं हे पांघरूण आहे.

म्हणून हे नियंत्रण नाजूक. ज्या गाड्यांत उघडमीट होणाऱ्या पात्यांचा टर्बो असतो, म्हणजे व्हीजीटी, तिथे तर टर्बो आणि ईजीआर एका जुवाला जुंपलेले दोन बैल आहेत. ईजीआर उघडला की टर्बाइनकडे जाणारा धूर कमी होतो, टर्बो मंदावतो, बूस्ट पडतो. बूस्ट सावरायला पाती मिटवली की एक्झॉस्टमधला दाब वाढतो आणि त्या दाबाने ईजीआरमधून आणखी धूर आत ढकलला जातो. दोघांना वेगवेगळं हाकलं तर ते एकमेकांना ओढत बसतात, म्हणून ईसीएम दोघांचा मिळून हिशेब करतो. त्यात तिसरी वस्तू इनटेकमधला थ्रॉटल. डिझेलला थ्रॉटल कशाला, असं बरेच मिस्त्री विचारतात आणि तो काढून टाकतात. वेग कमी-जास्त करायला तो नसतोच. आतल्या बाजूचा दाब थोडा पाडून ईजीआरला वाट करून देणं, डीपीएफमधली काजळी जाळताना धूर तापवणं आणि इंजिन बंद करताना झटका न बसू देणं, ही त्याची कामं.

आणि हा सगळा हिशेब ज्याच्या भरवशावर चालतो, तो एमएएफ सेन्सर, एअर फिल्टरच्या लगेच पुढे बसलेला. किती ताजी हवा आत आली ते तो सांगतो. एकूण किती मावणार हे ईसीएमला फेऱ्यांवरून आणि दाबावरून ठाऊक असतं. एकुणातून ताजी वजा केली की उरला तो परत फिरवलेला धूर. म्हणजे ईजीआर किती चाललाय हे थेट कोणी मोजत नाही, ते वजाबाकीने कळतं. वजाबाकीतला एक आकडा खोटा निघाला की पुढचं सगळं खोटं. तुमच्या गाडीत मला हेच झालेलं दिसतं, म्हणून इथे थोडं थांबून सांगतो.

पहिली तऱ्हा: टर्बोच्या पुढच्या पाइपाला चीर. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इनटेकपर्यंत जे रबरी पाइप जातात, त्यात कुठेतरी हवा सुटते. एमएएफने ती हवा मोजून झालेली असते, पण सिलिंडरपर्यंत ती पोचत नाही. ईसीएमला वाटतं हवा भरपूर आहे, तो त्या हिशेबाने डिझेल सोडतो. हवा कमी, डिझेल जास्त, धूर काळा. मध्यम भारावर तर आणखी वाईट. ताजी हवा ठरलेल्यापेक्षा जास्त दिसते म्हणून ईसीएम ईजीआर अधिक उघडतो आणि खऱ्या हवेची तूट दुप्पट करतो. इथेच तुमच्या मिस्त्रीची गफलत होते. अशा गाडीला पत्रा मारला की मध्यम भारावरचा धूर खरंच कमी होतो. तो म्हणतो, बघा, दोष ईजीआरचाच होता. चीर मात्र तशीच असते, टर्बो ती भरून काढायला जास्त फिरत राहतो आणि सहा महिन्यांनी शाफ्टला खेळ येतो.

दुसरी तऱ्हा: एमएएफच्या पुढे पण टर्बोच्या आधी गळती. इथे पाइपात ओढ असते, म्हणून बाहेरची हवा न मोजता आत शिरते. ईसीएमला हवा खरीपेक्षा कमी दिसते, तो डिझेल आवरतो, ईजीआर मिटवतो. धूर दिसत नाही, फक्त गाडीला पिकअप राहत नाही. गिऱ्हाईक फारशी तक्रार करत नाही, आणि म्हणूनच ही गळती मला सर्वांत जास्त भीती घालते. आपली काळी माती फेब्रुवारी लागला की पिठासारखी उडते, ती फिल्टर चुकवून सरळ टर्बोच्या पंख्यावर आणि पुढे लायनर-रिंगांवर जाते. इंजिन दोन हंगामांत तेल प्यायला लागतं.

तिसरी तऱ्हा: एमएएफ स्वतः मळलेला. त्याची तार किंवा फिल्म धुळीने झाकली की तो कमी हवा सांगतो. परिणाम दुसऱ्या तऱ्हेसारखाच: धूर नाही, ओढ नाही. इंजिनातून नॉक्स मात्र जास्त बाहेर पडतो, कारण ईजीआर मिटलेला.

आता तुमची तक्रार यावर ठेवून पाहा. तुमच्याकडे ओढ नाही आणि काळा धूरही आहे. म्हणजे ईसीएम डिझेल आवरत नाहीये, त्याला हवा भरपूर दिसतेय. माझा पहिला संशय टर्बोच्या पुढच्या पाइपावर, दुसरा इंटरकूलरवर. इंजेक्टर तिसऱ्या नंबरला, कारण सव्वादोन लाखांत नोझल ओघळू शकतात. ईजीआर अडकून उघडा असण्याची शक्यता त्यानंतर. ज्या गाड्यांत एमएएफ नसतो, फक्त दाबाचा सेन्सर असतो, तिथे हा अंदाज बदलतो. तिथे पाइप फुटला की ईसीएमला दाब पडलेला दिसतो आणि तो डिझेल कमी करतो. तुमच्यात एमएएफ आहे असं धरून मी लिहितोय. फिल्टरच्या डब्याच्या तोंडाशी वायर जोडलेला छोटा सेन्सर दिसला की समजा आहे.

तपासायचं कसं, तर स्कॅनरवाल्याकडे जा, पण कोड काढून परत येऊ नका. तीन आकडे वाचून घ्या. इंजिन गरम करून स्लो रेसवर ठेवा, ईजीआरला बंद व्हायला सांगा आणि एमएएफ बघा. अडीच लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन म्हणजे एका सिलिंडरला ६२५ सीसी. आपल्या उंचीवरच्या उन्हाळी हवेत त्यात साडेसहाशे मिलिग्रॅमच्या आसपास हवा मावते, भरण्यातली घट वजा जाता एका स्ट्रोकला ५५० ते ६०० दिसायला हवी. ३५०-४०० च दिसत असेल तर एक तर एमएएफ मळलाय किंवा ईजीआर मिटतच नाहीये. दोन्हींतला फरक काढायला ईजीआर पाइपाच्या तोंडाशी काही मिनिटांपुरता तात्पुरता पत्रा घालून पाहा. तपासणीसाठी पत्रा चालतो, उपचार म्हणून नाही. आकडा चढला तर वाल्व्ह अडकलाय, जागचा हलला नाही तर एमएएफ.

दुसरा आणि तिसरा आकडा भरलेली गाडी चढावर नेऊन घ्यायचे, कोणाला तरी शेजारी बसवून: मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट, आणि त्याच वेळचा एमएएफ. हवा भरपूर पण बूस्ट कमी, तर पाइप फुटलाय, वाद नाही. हवाही कमी आणि बूस्टही कमी, तर फिल्टर, टर्बो किंवा त्याचा दाब आवरणारा ॲक्च्युएटर. व्हॅक्यूमवर चालणारा ॲक्च्युएटर असेल तर त्याची बोटाएवढी रबरी नळी आधी बघा. उन्हाने कडक होऊन चिरलेल्या त्या नळीपायी बदललेले टर्बो मी पाहिले आहेत.

चीर डोळ्याने दिसेलच असं नाही. मागच्या उन्हाळ्यात तुमच्यासारखीच एक पिकअप आली होती, तीन ठिकाणी फिरून. ईजीआरचा पत्रा मारून झालेला, फिल्टर बदललेला, धूर तसाच. पाइप वरून नवाकोरा दिसत होता. मी साबणाचं पाणी लावून एक बार हवा भरली, तरी काही नाही. मग पाइप हाताने इंजिन हलतं त्या दिशेला वाकवला, तेव्हा क्लॅम्पच्या अगदी खाली ओठ उघडल्यासारखी चीर उघडली. भाराखाली इंजिन माउंटवर कलतं तेव्हाच ती उघडायची, उभ्या गाडीत मिटलेली. शोधायची खूण एकच होती: त्या जागी तेलकट डाग आणि त्यावर धुळीचा थर. टर्बोतून तेलाचा थोडा अंश हवेबरोबर जातोच. जिथे हवा सुटते तिथे तो बाहेर येतो आणि धूळ धरतो. आधी झालेल्या पत्र्याच्या आणि मॅपच्या खर्चापुढे त्या पाइपाची किंमत काहीच नव्हती. आम्ही पाइप बदलला, पत्रा काढला, मूळ मॅप परत टाकून घेतला. गाडी घाटात स्वच्छ चालली, ईजीआर चालू ठेवून.

सफाई करताना काही गोष्टी सांभाळा. एअर फिल्टर जमिनीवर आपटू नका आणि कॉम्प्रेसरची पूर्ण हवा जवळून मारू नका. कागदाला डोळ्याला न दिसणारी भोकं पडतात. फिल्टर काढल्यावर पुढच्या पाइपाच्या आतून पांढरं फडकं फिरवा. मातीचा रंग आला तर फिल्टर नीट बसत नाही किंवा सील गेलंय. एमएएफला बोट लावू नका, ब्रशही नाही. त्याचा वेगळा स्प्रे मिळतो, तोच मारा आणि आपोआप वाळू द्या. इंटरकूलर धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे सोडा, कमी दाबाने. समोरून प्रेशर मारला की कचरा आणखी आत बसतो आणि फिन आडव्या होतात. ईजीआर वाल्व्ह खोललाच, तर दाबाच्या सेन्सरचं तोंडही बघा. तिथे काजळीची डांबरासारखी गोळी बसलेली असते आणि ईसीएमला शिळा दाब दिसत राहतो.

एक गोष्ट घाटाशिवायही दिसेल. रेस एकदम दिली की डिझेल लगेच येतं, टर्बोला फिरायला मात्र सेकंदभर लागतो. त्या सेकंदात ईसीएम ईजीआर झटकन मिटवतो आणि हवा येईपर्यंत डिझेलला हात लावू देत नाही. जुन्या पंपांवर हेच काम बूस्टच्या पडद्याने व्हायचं, ज्याचा स्क्रू मी फिरवायचो. वाल्व्ह काजळीने जड झाला असेल तर तो उशिरा मिटतो आणि प्रत्येक गिअर बदलताना काळा भपका निघतो. सपाट रस्त्यावर असे भपके येत असतील तर वाल्व्हची सफाई करून घ्या. घाटातला सलग धूर आणि गिअरचा भपका ही दोन वेगळी दुखणी आहेत.

आता मॅप बदलण्याबद्दल. मॅपवाला मुख्यतः दोन गोष्टी करतो: धुराची मर्यादा सैल करून डिझेल वाढवतो आणि ईजीआरचा हिशेब बंद करून दिवा विझवतो. ताकद वाढल्यासारखी वाटते, ती डिझेलची असते. एक्झॉस्टचं तापमान वाढतं, आणि चढावर आपल्या मेच्या उन्हात हे तापमान टर्बोला आणि पिस्टनच्या माथ्याला सोसावं लागतं. तुमच्या गाडीत टर्बोच्या पुढे चीर असेल, तर मॅपनंतर त्यात आणखी डिझेल पडेल.

पत्रा मारूनही तुमची पीयूसी पास होईल, हे मला माहीत आहे आणि हेच मला सगळ्यात जास्त खुपतं. डिझेलच्या पीयूसीत न्यूट्रलला रेस देऊन फक्त धुराचा काळेपणा मोजतात. नॉक्स तिथे मोजलाच जात नाही. तो दिसत नाही, बाहेर पडल्यावर उन्हात त्याच्यापासून ओझोन बनतो, आणि दम्याचं माणूस तो श्वासात घेतं. जड पिकअपच्या गटाला बीएस-४ मध्ये किलोमीटरला ३९० मिलिग्रॅम नॉक्सची मर्यादा होती. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मध्ये ती १२५ झाली, आणि काजळीची ६० वरून साडेचारवर आली. ही उतरण अनेक इंजिनिअरांनी वर्षानुवर्षं टेस्ट बेडवर एक-एक मिलिग्रॅम करून मिळवली आहे. एका पत्र्याच्या तुकड्याने आपण ती रस्त्यावर उधळतो. २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने डिझेलच्या धुराला माणसाला कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकलं. त्या धुराच्या सर्वांत जवळ दिवसभर तुम्हीच असता, आणि मागे केळीचे घड उतरवणारी पोरं. कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली प्रदूषणाचा नियम मोडला तर दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात.

ईजीआर म्हणजे फक्त त्रास, असं लोकांना का वाटतं तेही मला कळतं. परत फिरणारा धूर गार करणारा कूलर बुजतो, वाल्व्ह अडकतो, कूलर फुटला की कूलंट आत जाऊन पांढरा धूर निघतो आणि टाकीतलं पाणी कुठे गेलं कळत नाही. पण कूलर इतका लवकर बुजतो तो बहुधा आधी कुठेतरी हवा कमी पडून काजळी वाढलेली असते म्हणून. चांगली हवा मिळणाऱ्या इंजिनाचा ईजीआर मी दोन लाखांनंतर उघडलाय आणि त्यात पेन्सिल सहज जाईल एवढी वाट मोकळी होती.

आता चुलतभावाचा टँकर. त्याचं दुखणं इंजिनात नाही, कामाच्या पद्धतीत आहे. टँकर विहिरीवर भरायला तासभर उभा, इंजिन चालू. मग पाच-सात किलोमीटर गाडीवाटेने दहा-वीसच्या चालीत, पुन्हा खाली करायला उभा. उभ्या इंजिनाचा धूर शंभर-दीडशे अंशांवर असतो. डीपीएफमध्ये साठलेली काजळी जळायला साडेपाचशे-सहाशे अंश लागतात. नॉक्समधला नायट्रोजन डायऑक्साइड ती काजळी अडीचशेच्या पुढेच हळूहळू जाळू लागतो, पण टँकर तिथवरही तापत नाही. म्हणून फिल्टर भरतो, दिवा लागतो. चालक लक्ष देत नाही, मग गाडी ताकद कमी करते. त्याला सांगा, भरताना इंजिन बंद ठेव. आठवड्यातून दोनदा भरलेला टँकर मोठ्या रस्त्यावर अर्धा तास एकसारखा चालव. उभ्याने रिजनरेशन करायची, म्हणजे फिल्टरमधली काजळी तापवून जाळायची, वेळ आली तर मोकळ्या जमिनीवर कर, कडब्याच्या गंजीजवळ किंवा वाळल्या गवतात अजिबात नाही. त्या वेळी सायलेन्सरमधून जी धग निघते तिने गंजी पेटू शकते. काही इंजिनांत रिजनरेशनच्या वेळी डिझेल तेलात उतरतं, म्हणून तेलाची पातळी चढत असेल तर तीही बघा.

आणि एक नक्की सांगा: एससीआरच्या, म्हणजे नॉक्स मारायला धुरात युरियाचं द्रावण फवारणाऱ्या यंत्रणेच्या, टाकीत शेतातला युरिया बोअरच्या पाण्यात विरघळवून घालू नको. हा प्रकार मी दोन ठिकाणी पाहिलाय. शेतीच्या युरियावर निंबोळीचा लेप असतो, आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार, आणि दोन्ही मिळून इंजेक्टरचं नोझल आणि कॅटॅलिस्ट कायमचे निकामी करतात. साडेबत्तीस टक्क्यांचं द्रावण बंद कॅनमधलंच घ्यायचं.

त्याच्या टँकरचाही डीपीएफ काढू नका. बीएस-६ मध्ये ईजीआर, डीपीएफ आणि एससीआर एकमेकांच्या हिशेबावर उभे असतात. ईजीआर किती चालला यावर काजळी आणि नॉक्सचं प्रमाण ठरतं, त्या प्रमाणावर डीपीएफ स्वतःहून किती जळणार ते ठरतं, आणि मागे युरिया किती फवारायचा तेही. एक काढला की उरलेले चुकीच्या हिशेबावर चालतात आणि नॉक्सचा सेन्सर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चोरी पकडतो.

तुमच्या गाडीवर परत येतो. पुढची केळीची खेप भरायच्या आधी, गाडी थंड असताना, टर्बोपासून इनटेकपर्यंतचा प्रत्येक पाइप हाताने वाकवून बघा, क्लॅम्पखालची जागा खास करून. तेलकट धुळीचा डाग दिसला तर तिथेच थांबा, पाइप बदला आणि घाट चढून बघा. डाग नसेल तर वर सांगितलेले तीन आकडे काढून आणा: ईजीआर बंद असतानाचा स्लो रेसवरचा एमएएफ, चढावरचा मागितलेला आणि मिळालेला बूस्ट, आणि त्याच क्षणाचा एमएएफ. ते आकडे पाहून इंटरकूलर खोलायचा, टर्बो की इंजेक्टर, ते मी सांगतो.